फार लवकर आलेलं उत्तर

"भोंगा वाजला नाही," फागोजी म्हणाले, "अन् पाणी आलं."

मोनाली खुर्चीतून अर्धवट उठली. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिच्या समोरच्या पडद्यावर सुरई नदीची निळी रेघ होती, आणि त्या रेघेवर अकरा ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे काठावरचा एक भोंग्याचा खांब.

"किती पाणी, बाबा?"

"घोट्याच्या वर. खालच्या दोन सऱ्या गेल्या. टरबुजं तं गेलीच, वेल बी गेले."

"पण इथं नोंद आहे. नऊ बाराला कान्हळटोल्याचा भोंगा वाजलाय."

"तुह्या नोंदीत वाजला असंल. इथं नाही वाजला."

"वारा उलटा असेल, बाबा. तुम्ही बोलत बसला असाल."

"मी काय बहिरा हाओ का?" फागोजींनी फोन बाजूला धरून हाक मारली. "पारबता, सकाळी भोंगा आयकला का वो?" दुरून एका बाईचं काहीतरी तिखट उत्तर आलं. "आयकलं ना? ते म्हणते, भोंगा सोड, तुही पोरगी बी महिनाभर आयकू नाही आली."

मोनालीला हसू आलं नाही. "बाबा, आज सगळे पात्राबाहेर थांबा ना. मी बघते काय झालंय."

"आज तोडणी हाय. चारले गाडी येते. टोल्यातलं झाडून सारं माणूस वाळूत हाय, आता कोणाकोणाले बाहेर काढू? तू बघ तुह्या मशिनीत. मी जातो."

फोन बंद झाला. तिनं लगेच उलटा फोन लावला. तो वाजत राहिला. कान्हळटोला या मासेमारांच्या वस्तीतले ढीवर पात्रात फोन नेत नाहीत. काठावरच्या बाभळीला एक पिशवी टांगलेली असते, सगळ्यांचे फोन तिच्यात. पाण्यात काम करणाऱ्या माणसाचा खिसा कोरडा राहत नाही, म्हणून ही सोय. मोनालीच्या डोळ्यांसमोर ती पिशवी आली. झाडाला लटकलेली, आणि वाजणारी.

उन्हाळ्यात सुरईचं पात्र कोरडं पडतं, मधे एक उथळ धार उरते आणि ढीवरांची शेती सुरू होते. वाळूत हातभर खोल सऱ्या काढायच्या, खाली ओल लागते तिथं शेणखत घालून टरबूज, काकडी लावायची. पिढ्यान् पिढ्या हे चाललं होतं. मग जिल्हाभर सौरपट्ट्यांची शेतं पसरली आणि नदीचा स्वभाव बदलला.

हे कसं झालं ते समजून घ्यायला हवं. सूर्यापासून मिळणारी वीज ढगाच्या सावलीबरोबर बसते. एक मोठा ढग आला की चार मिनिटांत अर्ध्या जिल्ह्याची वीज गायब होते. ती उणीव तेवढ्याच चपळाईनं भरून काढणारी एकच गोष्ट जवळ होती, ती म्हणजे धरणाचं पाणी. दार उघडलं, पाणी जनित्रावर पडलं, वीज तयार. म्हणून पिंपळधरा धरणाला आकाश वाचणारं यंत्र जोडलं गेलं. ढग येणार हे त्याला पाऊण तास आधी कळतं, आणि सावली पडायच्या वेळेला ते दारं उघडतं. वीज अखंड राहते. फक्त एप्रिलच्या कोरड्या नदीला दिवसातून दोन-तीनदा, कधीही, पूर येतो.

त्यासाठी ते अकरा खांब. दार उघडायच्या वीस मिनिटं आधी नियंत्रण केंद्रातला सर्व्हर प्रत्येक खांबाला हुकूम देतो: वाज. खांब वाजतो, आपला आवाज आपल्याच कानानं ऐकतो आणि उलट निरोप देतो: वाजलो. अकराच्या अकरा निरोप आले तरच दाराचं कुलूप निघतं. एक जरी कमी पडला तरी दार बंद.

पूर्वी टोल्यातला एक माणूस दिवसभर खडकावर बसून वरच्या वळणाकडे बघायचा. पाणी दिसलं की पत्र्याचा डबा बडवायचा. तीन वर्षांपूर्वी मोनालीनंच टोल्याच्या सभेत उभं राहून ती राखण बंद करायला लावली होती. "खांबाचं उत्तर आल्याशिवाय दार उघडतच नाही," ती म्हणाली होती. "मी स्वतः तपासलंय." टोल्यातून इंजिनीअर झालेली ती पहिलीच. लोकांनी भोंग्यावर विश्वास ठेवला नव्हता, तिच्यावर ठेवला होता.

*

"वडिलांना ऐकू आलं नसेल," हर्षदा देवतळे म्हणाल्या. त्या पाळीच्या प्रमुख. समोर तीन पडदे, चौथ्या बाजूला चहा.

"दोघांना ऐकू आलं नाही, मॅडम."

"आणि खांब म्हणतो वाजलो. मोनाली, खांबाला कान आहे, तो मोजून सांगतो. वडील अंदाजानं सांगतात."

"एकदा नुसता वाजवून बघू या?"

"उगाच भोंगा वाजवायचा नाही हा नियम कोणी लिहिला?"

तो नियम मोनालीनंच लिहिला होता. दोन-चारदा खोटा वाजला की माणसं उठायची थांबतात.

"निदान आज दार माझ्या सांगण्यावर थांबवून ठेवा."

"कारण काय लिहू? एका बाबांना वाटलं?" देवतळ्यांचा आवाज कडक नव्हता. "दार थांबलं की वीस मिनिटं जिल्हा अंधारात. दवाखाने बॅटरीवर, पाण्याचे पंप बंद. मला पुरावा दे, मी या क्षणी किल्ली फिरवते."

पुरावा शोधायचा कुठे? मोनाली जागेवर आली, बसली, उठली, पुन्हा बसली. तिनं वाटाड्याचा नकाशा उघडला.

वाटाड्या हे गेल्या सहा वर्षांतलं मोठं नवल. निरोप कुठल्या वाटेनं पाठवायचा हे पूर्वी माणसं ठरवत. एखादा मनोरा पडला की कोणीतरी बसून नवी वाट लिहायचं. वाटाड्या हा संगणकातला प्रोग्रॅम हे आपलं आपण शिकला. कुठली वाट दुपारी मंदावते, कुठल्या मनोऱ्यावर माकडं चढतात, सगळं त्याला ठाऊक. वाट बदलायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळही लागत नसे. नव्या मुलांनी हातानं वाट लिहिणं शिकणंच सोडून दिलं होतं.

नकाशावर कान्हळटोल्याची वाट ठळक होती. सहा मनोरे, एकसष्ट किलोमीटर, कुठं तुटलेलं नाही.

मग ती आजच्या सगळ्या नोंदी चाळत बसली. खांबाची बॅटरी, भोंग्याचा पडदा, कानाचा पडदा. खांबाचं दरवेळचं उत्तर एकच होतं: ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. इतकं गुळगुळीत उत्तर तिला अस्वस्थ करत होतं. तीन वर्षं उन्हातान्हात उभा असलेला खांब एवढा ठणठणीत कसा?

अकरा अठराला आकाशयंत्राचा इशारा आला. पश्चिमेकडून मोठा ढग. दारं तीन, पूर्ण उंचीनं. वेळ बारा.

सकाळी एकच दार वीतभर उघडलं होतं. तीन दारं म्हणजे मधल्या धारेत पुरुषभर पाणी, आणि पलीकडची वाळू गुडघाभर पाण्याखाली. वेल दहा मिनिटं पाण्याखाली तग धरतात. धारेत उतरलेला माणूस धरत नाही.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

अकरा चाळीसला सर्व्हरनं हुकूम सोडले. मोनाली पडद्याला नाक लावून उभी होती. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. अकराही ठिपके हिरवे झाले. कान्हळटोल्याचा तर सगळ्यांत आधी.

सगळ्यांत आधी?

ती खाली बसली. कान्हळटोला सगळ्यांत लांब होता.

*

समजा, तुम्ही एका दरीच्या काठावर उभं राहून हाळी दिलीत. समोरचा डोंगर जवळ असेल तर प्रतिध्वनी झटकन येतो, लांब असेल तर वेळ लागतो. यंत्रांच्या जाळ्यातही अशी हाळी देता येते. एक इवलासा निरोप पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. दहा वर्षांपूर्वी प्रत्येक तंत्रज्ञ दिवसाची सुरुवात या हाळीनं करायचा. वाटाड्या आल्यापासून कोणी देत नाही.

मोनालीनं सर्व्हरची जुनी काळी खिडकी उघडली आणि एकेका खांबाला हाळी दिली. पहिला खांब, एकवीस मिलिसेकंद. चौथा, तेहतीस. नववा, एकोणचाळीस. मधे बसलेला प्रत्येक मनोरा निरोप घेतो, तपासतो, पुढे ढकलतो, त्यात वेळ जातोच.

कान्हळटोला, शून्य पूर्णांक चार.

तिनं पुन्हा विचारलं. शून्य पूर्णांक चार. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत सहा मनोरे ओलांडून कोणी परत येत नाही. उत्तर देणारा एकसष्ट किलोमीटरवर नव्हताच. तो याच खोलीत होता.

तिनं मान वळवून खोलीभर पाहिलं. शेजारच्या मांडणीत, खालच्या कप्प्यात, सरावयंत्र लुकलुकत होतं. नव्या माणसांना शिकवण्यासाठी ठेवलेलं. त्याला कोणीही 'वाज' म्हटलं की ते 'वाजलो' म्हणतं, बॅटरी विचारली की 'ठीक आहे' म्हणतं. त्याला ना भोंगा, ना कान.

पण निरोप त्याच्याकडे वळला कसा? वाटाड्याचा नकाशा तर सरळ होता. मोनालीनं सर्व्हरचा वाटांचा तक्ता मागवला. वाटाड्याचा सुंदर नकाशा वेगळा, आणि सर्व्हर निरोप पाठवताना प्रत्यक्ष वाचतो तो रुक्ष तक्ता वेगळा.

अशा तक्त्याचा नियम अगदी साधा असतो. डाकघरात पत्रं वेगळी करणाऱ्या माणसासमोर दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात असं समजा. एकीवर लिहिलंय, नदीकाठची सगळी पत्रं पहिल्या पोत्यात टाका. दुसरीवर लिहिलंय, नदीकाठच्या कान्हळटोल्याची पत्रं दुसऱ्या पोत्यात टाका. कान्हळटोल्याचं पत्र आलं तर तो काय करेल? दुसरी चिठ्ठी ऐकेल, कारण ती जास्त नेमकी आहे. पहिली चिठ्ठी कितीही हुशार माणसानं लिहिलेली असो. त्यातून ती दुसरी चिठ्ठी माणसानं हातानं लिहिलेली असेल तर वाटाड्याला ती पुसायची मुभाच नव्हती. माणसाचा शब्द यंत्राच्या वर, असं तो बनवतानाच ठरलं होतं. त्याच्या नकाशात अशा ओळी दिसतही नसत.

तक्त्याच्या तळाशी ती ओळ होती. कान्हळटोल्याचा पत्ता, तारेची दुसरी खोबण, सरावयंत्र. खाली टीप: तात्पुरती. चाचणी झाली की काढणे. मो. दि.

तारीख तीन वर्षांपूर्वीची. टोल्याच्या सभेच्या आदल्या आठवड्यातली.

तिला सगळं एकदम आठवलं. तेव्हा खांब उभाच राहिला नव्हता, सिमेंट सुकत होतं. कुलूप नीट चालतं का हे बघायला तिनं कान्हळटोल्याचे निरोप सरावयंत्राकडे वळवले. सर्व्हर मधेच बंद पडला तर पुन्हा लिहायला नको, म्हणून ओळ कायमच्या यादीत घातली. काम झाल्यावर दुसऱ्या खोबणीतली तार उपटून ठेवली. तार नाही म्हणून ओळ झोपली. मग खरा खांब आला, खऱ्या चाचण्या झाल्या, सगळं बरोबर निघालं. ओळ काढायची राहून गेली. आणि आज सकाळी सहाला देखभालीच्या लोकांनी सर्व्हरवरची धूळ पुसली, तो नीटनेटका केला, मागे एक तार लोंबकळत होती ती तिच्या खोबणीत बसवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. ओळ जागी झाली.

अकरा एकोणपन्नास. दार उघडायला अकरा मिनिटं. धरणापासून टोल्यापर्यंत पाणी यायला पंधरा. एकूण सव्वीस.

मोनालीचं बोट कळीवर होतं. ही ओळ पुसायची. लगेच खऱ्या खांबाला हातानं हुकूम द्यायचा. भोंगा वाजेल, माणसं पळतील. कोणाला काही कळणार नाही. नियम मोडून भोंगा वाजवला एवढंच निघेल, आणि तेही वडिलांच्या काळजीपोटी. लोक हसतील, विसरतील.

पलीकडच्या वाळूवरच्यांना अलीकडच्या काठावर यायला किती वेळ लागतो? म्हाताऱ्या, पोरं, मधली धार, एकच डोंगा. अर्धा तास. कधी जास्तच. भोंगा सव्वीस मिनिटंच देणार होता. दार थांबायलाच हवं होतं. आणि दार थांबवायला मॅडमना पुरावा हवा होता. पुरावा ही ओळ होती. पुसली की गेली.

तिनं कळीवरून बोट उचललं.

"मॅडम! इकडे या. पळत या!"

देवतळे आल्या. मोनालीनं आधी हाळी दाखवली, मग ओळ. देवतळ्यांनी दोनदा वाचली.

"म्हणजे सकाळी खरंच वाजला नाही."

"नाही. आणि आत्ताही वाजलेला नाही."

"मो. दि. कोण?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर आधीच आलं होतं.

"मी."

"ही ओळ अहवालात जाणार, मोनाली. नावासकट."

"जाऊ दे. दार थांबवा."

देवतळ्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि फिरवली. भिंतीवरचा मोठा आकडा लाल झाला. त्याच क्षणी तीन फोन वाजू लागले. "हो, मीच थांबवलंय," देवतळे पहिल्या फोनात ओरडल्या, "हो, अंधार होणार, मला माहीत आहे!" आणि फोनवर हात ठेवून मोनालीला म्हणाल्या, "बघतेस काय? वाजव!"

मोनालीनं ओळ तक्त्यातून पुसली, कायमच्या यादीतूनही पुसली. हाळी दिली. खिडकीतली खूण लुकलुकत राहिली, आणि मग उत्तर आलं: त्रेचाळीस मिलिसेकंद. इतकं उशिरा आलेलं उत्तर तिला आयुष्यात कधी इतकं आवडलं नव्हतं. तिनं हुकूम दिला. अकरा बावन्नला खऱ्या खांबानं कळवलं: वाजलो. बॅटरी एकोणसाठ टक्के. कानात धूळ.

बारा वाजता खिडकीबाहेरचं ऊन विझलं. पाठोपाठ खोलीतले पंखे थांबले. सर्व्हर बॅटरीवर घुं घुं करत राहिला. मोनाली उभीच होती. तिला बसवत नव्हतं.

बारा चोवीसला फोन आला.

"वाजला बापा!" फागोजींना धाप लागली होती. "आत्ता वाजला तुहा भोंगा. सारे वर आलो. त्रेचाळीस माणसं. मोजली मी. पलीकडून म्हातारी उशिरा आली, आत्ताच पाय टेकला तिनं काठावर."

बत्तीस मिनिटं. दार वेळेवर उघडलं असतं तर बारा पंधराला पाणी तिथं पोचलं असतं.

"तुनं दुरुस्त केला ना?" फागोजी विचारत होते. फोन बाजूला धरून त्यांनी कोणाला तरी सांगितलेलं तिला स्पष्ट ऐकू आलं. "माह्या पोरीनं तिकडून दुरुस्त केला. एवढ्या दुरून!"

*

साडेतीनला मोनाली टोल्याच्या काठावर पोचली. चौकशी उद्यापासून होती, पाळीतून आजच मुक्त केलं होतं. तोपर्यंत थांबवलेलं पाणी सोडून झालं होतं, धार उतरली होती, माणसं पुन्हा वाळूत गेली होती. गाडी यायची होती आणि अर्धी टरबुजं वेलावरच होती.

पारबताकाकूंनी तिला बघताच एक टरबूज गुडघ्यावर आपटून फोडलं. "ये वो इंजिनीअरबाई! खा. आज तुह्यानं वाचलो."

"काकू, आधी ऐका."

"खात खात सांग."

मोनालीनं फोड हातात घेतली नाही. आजूबाजूचे पाच-सहाजण जमले होते. फागोजी टोपली डोक्यावरून उतरवत होते. तिनं सांगितलं. मोठे शब्द न वापरता, खांब उभा नव्हता तिथपासून. निरोप दुसरीकडे वळवणारी ओळ मी लिहिली होती, काढायची विसरले, आज सकाळी ती जागी झाली. भोंगा बिघडलेला नव्हताच. मी बिघडवला होता.

पारबताकाकूंच्या हातातून लाल पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"तुनं?" फागोजी म्हणाले.

"हो, बाबा."

"तुनं सांगतलं नसतं तं आमाले समजलं असतं का?"

"नाही."

"मंग काऊन सांगून राहिली?"

"तुम्ही माझ्या शब्दावर वाळूत उतरता म्हणून."

फागोजींनी टोपली खाली ठेवली, परत उचलली, पुन्हा ठेवली. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. मघाशी ते टोलाभर सांगत फिरले होते.

"मंग आता तूच सांग," एका बाईनं मागून विचारलं, आवाज चढला होता तिचा, "आमी उतरावं का नाही उतरावं? आता ते मशीन खरं बोलते का खोटं, आमाले इथून कसं दिसन?"

वाटांचा तक्ता स्वच्छ आहे, मी तो तीनदा वाचलाय, असं मोनाली सांगू शकली असती. तसंच तिनं मागेही सांगितलं होतं.

तेवढ्यात केंद्रातून फोनवर निरोप आला; तो वाचून तिनं घड्याळ पाहिलं. "पुढचं पाणी साडेचारला आहे. वीस मिनिटं आधी, चार दहाला भोंगा वाजायला हवा. लहान पोरं आणि म्हातारी माणसं आत्ताच काठावर जा. बाकीच्यांनी अलीकडेच तोडा, धार ओलांडू नका."

"अन् पलीकडचा माल?" पारबताकाकूंनी विचारलं.

"पलीकडे मी जाते."

"तुले तोडता येते का टरबूज?" काकू फटकन म्हणाल्या. "देठ ठेवून कापा लागते. नाही तं उद्या सडते."

"येतं. बाबांनी शिकवलंय."

तिनं सँडल काढून काठावर टाकले, फोन पिशवीत टाकला, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि धारेत पाय घातला. पाणी थंड होतं, धरणाच्या तळाचं. मागून कोणीतरी हाक मारली, बहुधा फागोजींनी. तिनं वळून पाहिलं नाही. पलीकडची वाळू तापलेली होती. तिनं विळा घेतला, पहिलं टरबूज वाजवून पाहिलं, देठ ठेवून कापलं आणि डोंग्यात ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. दर दोन टरबुजांमागे ती मनगटाकडे बघत होती.

चार वाजून सहा मिनिटं. सात. आठ.

फागोजी धार ओलांडून आले. शेजारच्या सरीत वाकले आणि कापू लागले.

"बाबा, तुम्ही जा."

"काप गुमान."

चार वाजून नऊ मिनिटं झाली. अलीकडच्या काठावर टोल्यातली सगळी माणसं हातातलं काम ठेवून उभी होती. मधे धार, वर निरभ्र आकाश आणि पश्चिमेला एक पांढरा ठिपका वाढत चाललेला. मोनालीनं विळा वाळूत रोवला, कंबर सरळ केली आणि खांबाकडे बघत राहिली.